फ्रीजमधल्या त्या दोन कुप्या: वजनासाठीच्या पेप्टाइडबद्दल एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न वडोदऱ्याच्या रावपुरा भागात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचा आहे. वय ४४, उंची १५६ सेंमी, वजन ८१ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.३, थायरॉईडची गोळी आठ वर्षांपासून चालू, आणि आईचे पित्ताशय खड्यांमुळे काढलेले. त्यांच्या एका सहकारी शिक्षिकेने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे आठवड्याचे इंजेक्शन घेऊन नऊ किलो वजन उतरवले. ते महाग पडेल म्हणून भाच्याने आपल्या जिममधल्या प्रशिक्षकाकडून दोन छोट्या कुप्या आणून दिल्या. एकीवर ‘रेटाट्रुटाइड १० मिग्रॅ’ आणि दुसरीवर ‘एओडी-९६०४’ असे छापलेले आहे. कुप्या फ्रीजमध्ये आहेत आणि अजून टोचलेल्या नाहीत. हे पेप्टाइड सुरक्षित आहेत का, त्यांनी खरोखर वजन उतरते का, आणि थायरॉईड असताना ते चालतात का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, कुप्या अजून उघडल्या नाहीत हे तुम्ही फार चांगले केले. सविस्तर उत्तर द्यायचे तर सुरुवात त्या शब्दापासूनच करावी लागेल. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी साखळी, एवढाच त्याचा अर्थ आहे. गेली शंभर वर्षे मधुमेही टोचून घेत आहेत ते इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइडच आहे. त्यामुळे ‘पेप्टाइड सुरक्षित आहे का’ हा प्रश्न ‘गोळी सुरक्षित आहे का’ या प्रश्नासारखाच आहे. कोणती गोळी, कोणी बनवलेली, किती प्रमाणात आणि कोणाला, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तुमच्या सहकारी बाईंचे इंजेक्शन आणि तुमच्या फ्रीजमधल्या कुप्या यांना विक्रेते एकाच नावाने हाक मारतात, परंतु वैद्यकाच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी ज्यांचा पुरावा भक्कम आहे त्यांच्याविषयी सांगतो. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात येते. ते मेंदूतील भूक सांभाळणाऱ्या केंद्रांना पोट भरल्याचा निरोप देते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, आणि साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवते. अडचण अशी की हे नैसर्गिक संप्रेरक दोनेक मिनिटांतच निम्मे नष्ट होते. औषध-वैज्ञानिकांची खरी करामत ते टिकाऊ करण्यात आहे. २००५ साली अमेरिकेत मंजूर झालेले या वर्गातील पहिले औषध, एक्झेनाटाइड, हे गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या पेप्टाइडवरून बनले. पुढे लिराग्लुटाइड आले, जे रोज टोचावे लागते. सेमाग्लुटाइडच्या रेणूला एक मेदाम्लाची शेपटी जोडलेली आहे, तिच्या आधाराने ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, आणि म्हणून आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहकावरही (म्हणजे पेशीवरच्या, संप्रेरकाचा निरोप झेलणाऱ्या जागेवरही) काम करते.

आता परिणाम. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ चाचणीत मधुमेह नसलेल्या १,९६१ लठ्ठ व्यक्ती होत्या. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅ घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, तर तुलनेसाठी औषध नसलेले खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना सारखेच होते. २०२२ च्या सरमाउंट-१ चाचणीत २,५३९ व्यक्तींमध्ये टिर्झेपॅटाइडने ७२ आठवड्यांत मात्रेनुसार १५ ते २०.९ टक्के घट झाली. तुमच्या ८१ किलोंवर हे आकडे बसवले तर सव्वा-दीड वर्षात बारा ते सोळा-सतरा किलो होतात. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात मी वजनाची अनेक औषधे आलेली आणि गेलेली पाहिली आहेत, आणि शस्त्रक्रिया सोडली तर इतका परिणाम मी यापूर्वी पाहिलेला नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शिवाय २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सिलेक्ट चाचणीत, हृदयविकार असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या १७,६०४ व्यक्तींमध्ये, सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारा मृत्यू यांची एकत्रित शक्यता २० टक्क्यांनी कमी झाली.

सरासरी म्हणजे प्रत्येक जण नव्हे. त्याच स्टेप-१ मध्ये साधारण सातांतील एकाचे वजन पाच टक्केसुद्धा उतरले नाही. माझ्याकडे येणाऱ्यांमध्येही असे निघतात. त्यांना आपण कुठेतरी कमी पडलो असे वाटते, आणि त्यांची समजूत काढण्यात बराच वेळ जातो.

तुमच्या कुप्यांकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे.

रेटाट्रुटाइड हा रेणू काल्पनिक नाही. तो तीन ग्राहकांवर काम करतो, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३३८ व्यक्तींपैकी सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्या गटाचे वजन ४८ आठवड्यांत सरासरी २४.२ टक्के उतरले. जिममध्ये त्याचे नाव ज्या उत्साहाने घेतले जाते त्याचे मूळ या आकड्यात आहे. परंतु त्याच चाचणीत मात्रेबरोबर हृदयाचे ठोकेही वाढलेले दिसले, आणि मी हे लिहीत आहे तोवर हे औषध बाजारात विक्रीसाठी मंजूर झालेले नाही. ते बनवणारी कंपनी ते केवळ आपल्या चाचण्यांमध्ये सहभागी झालेल्यांनाच देते. याचा सरळ अर्थ असा की, तुमच्या फ्रीजमधल्या कुपीत जे काही असेल, ते त्या कंपनीने बनवलेले नाही. ते रेटाट्रुटाइड असू शकेल, दुसरे एखादे पेप्टाइड असू शकेल, किंवा नुसती साखरेची भुकटीही असू शकेल.

एओडी-९६०४ ची कथा याच्या उलट आहे. मानवी वाढ-संप्रेरकाचा तो एक तुकडा आहे. तो चरबी विरघळवील आणि साखर वाढवणार नाही, अशा अपेक्षेने ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने त्याच्या रीतसर मानवी चाचण्या घेतल्या. वजनावर उपयुक्त परिणाम दिसला नाही म्हणून २००७ मध्ये लठ्ठपणासाठीचे ते काम थांबवण्यात आले. म्हणजे याच्याविषयी माहिती नाही असे नाही, माहिती आहे आणि ती प्रतिकूल आहे. तरी जवळजवळ दोन दशकांनंतर तीच वस्तू ‘फॅट बर्नर पेप्टाइड’ म्हणून विकली जाते. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन या पेप्टाइडची जोडगोळी वाढ-संप्रेरक वाढवते, पण वजन उतरवण्यासाठी तिचा भरवशाचा पुरावा नाही. याच कुळातील टेसामोरेलिनला अमेरिकेत २०१० मध्ये मंजुरी मिळाली, पण ती एचआयव्ही रुग्णांच्या पोटात साठणाऱ्या विशिष्ट चरबीसाठी आहे, तुमच्या-माझ्या ढेरीसाठी नाही. या साऱ्यात नवीन काहीच नाही. एके काळी मुंबईत काम केलेल्या डॉ. सिमिअन्स यांनी १९५४ मध्ये गर्भारपणातील एचसीजी संप्रेरकाची इंजेक्शने आणि रोज ५०० कॅलरींचा आहार अशी पद्धत मांडली होती. पुढच्या चाचण्यांत कळले की वजन उपासमारीने उतरत होते, इंजेक्शन असो वा नसो. आजही कोणी ना कोणी ते विकतो.

कुपीबरोबर ‘शुद्धता ९९ टक्के’ असा एक कागद दाखवला जातो. तुमच्या भाच्याच्या मोबाइलवरही तो असेल. तो खरा मानला तरी त्यातून इतकेच कळते की तपासलेल्या नमुन्यातील पेप्टाइडपैकी ९९ टक्के एकाच प्रकारचे होते. कुपी निर्जंतुक आहे का, तिच्यात जिवाणूंची विषद्रव्ये आहेत का, लिहिलेले १० मिग्रॅ खरोखर १० आहेत का, आणि मुख्य म्हणजे तो कागद त्याच कुपीचा आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नसते. अशा कुप्यांवर बहुधा बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते. ते वाक्य विक्रेत्याला वाचवण्यासाठी आहे, तुम्हाला नव्हे. आपल्या शहराला औषधनिर्मितीची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असल्यामुळे ‘फॅक्टरीतून थेट आणले आहे’ हे वाक्य इथे चटकन खपते. ज्या कुपीवर उत्पादकाचे नाव, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नाही, ती कोणत्याही फॅक्टरीची म्हणून सांगितली तरी औषध नव्हे.

दुसरा धोका मोजमापाचा आहे, आणि तो भारतात विशेष आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात, ४० युनिटवाल्या आणि १०० युनिटवाल्या. १०० च्या सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे ०.१ मिली, तर ४० च्या सिरिंजवर तीच दहाची रेघ म्हणजे ०.२५ मिली. कुपीतील १० मिग्रॅ भुकटी २ मिली पाण्यात मिसळली आणि प्रशिक्षकाने ‘दहा युनिट घ्या’ असे सांगितले, तर एका सिरिंजने ०.५ मिग्रॅ जाईल आणि दुसरीने १.२५ मिग्रॅ, म्हणजे अडीचपट. कोपऱ्यावरचा केमिस्ट बहुतेक वेळा हाताला येईल ती सिरिंज देतो. अमेरिकेत स्वतः सिरिंजने सेमाग्लुटाइड भरून घेणाऱ्यांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीसपट औषध टोचून घेतल्याच्या घटनांवरून तिथल्या औषध प्रशासनाला २०२४ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. बनावट इंजेक्शन-पेनचा प्रश्नही आहेच. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात अशा बनावट इंजेक्शनांनी काही जणांची साखर धोकादायकरीत्या उतरली, आणि त्यांत सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असावे असा तपास यंत्रणांचा निष्कर्ष होता.

माझ्याकडे मागे गरब्याच्या सहाव्या रात्री तिशीतला एक तरुण आणला गेला. नवरात्राच्या आधी पोट उतरवायचे म्हणून त्याने अशीच बिननावाची कुपी घेतली होती. आणि मुहूर्त जवळ आला म्हणून मात्रा दर आठवड्याला वाढवली होती, जी सेमाग्लुटाइड-टिर्झेपॅटाइडसारख्या मंजूर औषधांतही चार आठवड्यांच्या आत वाढवत नाहीत. दोन दिवस उलट्या, वरून उपवास, वरून तीन-तीन तास घाम गाळून नाचणे. त्याचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, दुपटीवर गेले होते. शिरेतून पाणी दिल्यावर चार दिवसांत मूत्रपिंड सावरले. त्याने काय टोचून घेतले होते ते आजतागायत कळलेले नाही.

मंजूर औषधेही निरुपद्रवी नाहीत. स्टेप-१ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ यांपैकी काहीतरी झाले, तरी दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे सातच टक्के होते, कारण मात्रा हळूहळू वाढवली तर शरीर बहुधा जुळवून घेते. पित्ताशयाच्या तक्रारी २.६ टक्के जणांना झाल्या, खोट्या इंजेक्शनच्या गटात १.२ टक्के. तुमच्या आईचा इतिहास पाहता तुमच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी पोटाची सोनोग्राफी करून घ्या. स्वादुपिंडाचा दाह क्वचित होतो, पण गंभीर असतो: पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढचे इंजेक्शन न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक खंडित होण्याचा एक अतिदुर्मीळ विकार सेमाग्लुटाइडमुळे दहा हजारांत एखाद्यापर्यंत होऊ शकतो, असा निष्कर्ष युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये काढला, त्यामुळे अचानक दृष्टी कमी होणे ही तातडीची गोष्ट समजावी. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांची साखर जास्त उतरू शकते. तुम्हाला तसे काही चालू नाही, हे बरे. पुढे कधी भूल द्यावी लागली तर या औषधाची माहिती भूलतज्ज्ञांना आवर्जून द्या, कारण नेहमीइतके तास उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

थायरॉईडविषयी बराच गोंधळ आहे. या औषधांवरचा इशारा थायरॉईडच्या मेड्युलरी कर्करोगाविषयी आहे. उंदरांमध्ये त्या प्रकारच्या गाठी दिसल्या, म्हणून स्वतःला किंवा कुटुंबात तो कर्करोग असणाऱ्यांनी, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असणाऱ्यांनी, ही औषधे घेऊ नयेत. तुमचा थायरॉईड कमी काम करतो, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे मनाई नाही. मात्र वजन उतरू लागले की गोळीची मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी पाहावी. सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, पण ती तुमच्या बाबतीत गैरसोयीची आहे: ती सकाळी उपाशीपोटी अर्ध्या वाटीइतक्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास काही खायचे-प्यायचे नसते, आणि थायरॉईडची गोळीही त्याच वेळची. त्या गोळीत खास शोषण वाढवणारे द्रव्य घालूनसुद्धा एक टक्क्याहून कमी औषध रक्तात पोहोचते. यावरून जिभेखाली ठेवायचे पेप्टाइडचे थेंब, चिकटपट्ट्या आणि दुधात घालायच्या भुकट्या यांची पत काय ते कळेल. कोलॅजन पेप्टाइडची भुकटी हे एक महागडे प्रथिन आहे, वरणासारखेच पचून जाते.

तुम्हाला या औषधाची गरज आहे का, हेही पाहू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३ च्या वर आहे. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा मानतात, आणि त्याचे कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रात दाखवून दिले आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छायाचित्रात ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी त्या इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. तुमची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. बीएमआय ३० च्या वर असताना, किंवा २७ च्या वर असून सोबत वजनाशी निगडित आजार असताना, ही औषधे देण्यास मंजुरी आहे, त्यामुळे तुम्ही त्या निकषांत बसता. मी तुम्हाला औषध नको असे म्हणणार नाही.

पण त्याआधी खर्चाचा आणि मुदतीचा हिशेब घरी बसून मांडा. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा आठवड्याला लागणारी २.५ मिग्रॅची एक कुपी ३,५०० रुपयांची होती, म्हणजे सुरुवातीच्या मात्रेलाच महिन्याला १४,००० रुपये. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे, त्यानंतर भारतीय कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी होते. भाच्याची कुपी ज्या कारणासाठी घरात आली त्यावर खरा उपाय या परवानाधारक औषधांच्या उतरत्या किमतीत आहे. हिशेब एका वर्षाचा मांडू नका. स्टेप-१ मधील व्यक्तींनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे सुमारे दोन-तृतीयांश परत आले. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढतो, तेव्हा गोळी निकामी होती असे आपण म्हणत नाही. इथेही तसेच आहे. फरक एवढाच की परत येणारे वजन बहुतांश चरबीचे असते, आणि जाताना मात्र स्नायूही गेलेले असतात.

स्नायूंविषयी थोडे अधिक सांगतो, कारण दवाखान्यात यावर बोलायला वेळ मिळत नाही. उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा ते चाळीस टक्के भाग चरबीचा नसून स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. चाळिशीपुढच्या, पाळी जाण्याच्या वयाच्या आणि बहुधा शाकाहारी असणाऱ्या आपल्या बायकांना हे परवडणारे नाही. भूक मेल्यावर ताटातले पहिले काय सुटते, तर वरण आणि उसळ. चहा-खारी किंवा दोन घास भात मात्र चालू राहतो. तुमच्यासारखीला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि एका वाटी वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात. म्हणून जेवणाची सुरुवात पनीर, दही, उसळ, सोयाबीन किंवा चालत असेल तर अंडे यांनी करावी, आणि पोट भरले तर पोळी-भात सोडावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम हवा. तो घरी पाण्याच्या बाटल्यांनीही सुरू करता येतो, आणि त्या बाबतीत भाच्याच्या प्रशिक्षकाचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला असेल. चतुर्थी-एकादशीचे उपवास औषध चालू असताना साबुदाण्यावर काढू नका.

पाळी चालू असेल तर आणखी एक. गर्भधारणेत ही औषधे चालत नाहीत, आणि टिर्झेपॅटाइड सुरू करताना व प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबता येत नाही.

आता करायचे ते. एचबीए१सी, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, टीएसएच आणि सोनोग्राफीचे कागद घेऊन मधुमेह-संप्रेरक तज्ज्ञांना किंवा तुमच्या नेहमीच्या फिजिशियनना भेटा. औषध सुरू झालेच तर बिलासह, थंड पेटीतून आणि परवानाधारक दुकानातूनच घ्या. ही औषधे २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा ४२ वर असताना कुरियरवाल्याच्या डिकीत दुपारभर फिरलेले पेन वरून नवे दिसते, आतले औषध तसे राहिलेले नसते. पेन फ्रीजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका, गोठलेले औषध फेकूनच द्यावे लागते.

त्या दोन कुप्या मात्र परत देऊ नका, कारण परत गेलेली कुपी दुसऱ्या कोणाला तरी विकली जाईल. सिरिंजसह त्या आपल्या डॉक्टरांकडे न्या आणि दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यात टाकायला सांगा. भाच्याला रागावू नका, त्याने मावशीचे पैसे वाचवण्यासाठीच केले. पण तो स्वतः यातले काही टोचून घेतो आहे का, हे त्याला जवळ बसवून विचारा. घेत असेल तर पुढच्या भेटीला त्यालाही सोबत आणा.